आमच्या लेस्टरचा जोसेफ

लेस्टर म्हटलं की वाईच्या आमच्या नातेवाइकांना दोन गोष्टी आठवतात. बेलग्रेव्ह रोडची दिवाळी आणि २०१६ साली लेस्टर सिटीनं जिंकलेली प्रीमियर लीग. वीस वर्षं इथे राहून मलाही यापलीकडे फारसं काही सांगता येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाला शाळेत आपल्या गावातल्या एका जुन्या माणसाची माहिती गोळा करून आणायला सांगितली आणि त्यानं निवडला जोसेफ मेरिक. जगाला हा माणूस एलिफंट मॅन या नावानं माहीत आहे. तो आमच्या लेस्टरचा, हे मला माहीतच नव्हतं. इतकंच काय, तो ज्या वर्कहाउसमध्ये राहिला, त्या जागेवरून मी कित्येक वर्षं बसनं ये-जा करते. हायफील्ड्स भागात स्पार्कनहो स्ट्रीटवर आता तिथे मोट कम्युनिटी कॉलेज ही शाळा आहे.

मुलाबरोबर मी १९८० सालचा तो प्रसिद्ध सिनेमा पाहिला. डेव्हिड लिंचचा, काळा-पांढरा, जॉन हर्ट आणि अँथनी हॉपकिन्स यांचा. रडले, खोटं कशाला सांगू. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि जसजशी वाचत गेले तसतसं त्या रडण्याचं थोडं ओशाळंच वाटायला लागलं. का, ते सांगते. पण आधी जोसेफ.

जोसेफ केरी मेरिकचा जन्म ५ ऑगस्ट १८६२ चा, लेस्टरमधल्या ली स्ट्रीटवरच्या साध्या घरातला. वडील सूतगिरणीत इंजिनावर काम करायचे, घरचं सुया-दोरे-बटणांचं छोटं दुकानही होतं. आई मेरी जेन बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवायची. जन्मला तेव्हा मूल चारचौघांसारखंच होतं. चारपाच वर्षांचा होईतो अंगावर गाठी आल्या, कातडी जाड आणि सैल होत गेली, कपाळाचं हाड वाढायला लागलं, उजवा हात डाव्याच्या दुप्पट झाला. डावा हात मात्र शेवटपर्यंत नाजूक आणि धड राहिला. त्यातच लहानपणी एकदा पडला, खुबा दुखावला आणि कायमचा लंगडा झाला. एलिफंट मॅन लंगडत चालायचा, हे मला या वाचनातूनच कळलं. ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि दादाला फोन लावला. दादाचं पुढे सांगते.

घरच्यांची समजूत अशी की, मेरी जेन गरोदर असताना लेस्टरच्या जत्रेत प्राण्यांची मिरवणूक बघायला गेली, गर्दीत हत्तीच्या पायाशी ढकलली गेली आणि भेदरली, म्हणून मूल असं झालं. जोसेफनंही जन्मभर हेच मानलं. हसू नका. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ फाटला, असं सांगणाऱ्या आज्या आपल्याही घरांत होत्या, आणि त्या ओठाचा दोष आईच्याच पदरात टाकला जायचा. दादाला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हा आमच्या आईलाही काय काय ऐकून घ्यावं लागलं होतं.

जोसेफ अकरा वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८७३ मध्ये, आई न्यूमोनियानं गेली. पुढच्या वर्षी वडिलांनी घरमालकिणीशी लग्न केलं. इथून त्याचे हाल सुरू झाले. तेराव्या वर्षी शाळा सुटली. सिगार वळण्याच्या कारखान्यात लागला, पण दोनेक वर्षांत उजवा हात इतका जड झाला की ते बारीक काम जमेना. वडिलांनी फेरीवाल्याचा परवाना काढून दिला आणि दुकानातला माल दारोदार विकायला पाठवलं. दार उघडणाऱ्या बायका चेहरा बघून दार लावून घ्यायच्या, आणि बोलणं इतकं अस्पष्ट झालं होतं की काय विकतोय हेही कुणाला कळायचं नाही. विक्री झाली नाही की घरी जेवताना टोमणे. एक दिवस वडिलांनी बेदम मारलं आणि तो घर सोडून गेला तो कायमचा. चार्ल्स नावाचा न्हावीकाम करणारा एक काका होता, त्यानं दोन वर्षं घरात ठेवून घेतलं. या काकाचं नाव सिनेमात नाही. असे काका सिनेमात कधीच नसतात. पुढे फेरीचा परवानाही नव्यानं मिळाला नाही आणि १८७९ च्या डिसेंबरअखेर, सतराव्या वर्षी, जोसेफ वर्कहाउसच्या दारात उभा राहिला.

वर्कहाउस म्हणजे निराधारांना काम आणि अन्न देणारी सरकारी जागा, पण ती मुद्दामच इतकी कडक ठेवलेली की गरज असल्याशिवाय माणसानं पायरी चढू नये. मध्ये एकदा तो बाहेर पडला, काम शोधलं, मिळालं नाही, परत आला. एकूण चारेक वर्षं त्यानं तिथे काढली. वरच्या ओठातून सोंडेसारखं मांस वाढलं होतं, खाता-बोलता येईना. ते लेस्टरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून काढलं.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण सिनेमात हे उलटंपालटं आहे.

आपल्याकडे जत्रेत पाच पायांची गाय घेऊन फिरणारे असतात. वाईजवळ मांढरदेवीच्या जत्रेत लहानपणी मी असे तंबू पाहिलेत, आत गेले नाही, आईनं जाऊ दिलं नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडात असे खेळ गल्लोगल्ली चालायचे आणि त्यात माणसंही दाखवली जायची. सिनेमात जोसेफ एका दारुड्या, क्रूर खेळवाल्याच्या तावडीत असतो, तो त्याला मारतो, आणि दयाळू डॉक्टर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज त्याला सोडवतो. प्रत्यक्षात १८८४ मध्ये वर्कहाउसमधून जोसेफनंच सॅम टॉर या लेस्टरमधल्या रंगमंचवाल्याला पत्र पाठवलं आणि मला लोकांसमोर दाखवा, मी कमवायला तयार आहे, असं कळवलं. ३ ऑगस्टला तो वर्कहाउसमधून बाहेर पडला. भिकेवर जगण्यापेक्षा स्वतःचा चेहरा दाखवून जगणं त्यानं पत्करलं. आपल्याला हे ऐकायला बरं वाटत नाही. पण निर्णय त्याचा होता.

लंडनला त्याचा खेळ टॉम नॉर्मन चालवायचा, व्हाइटचॅपल रोडवरच्या एका रिकाम्या दुकानात. मिळकतीत दोघांची निम्मी-निम्मी वाटणी होती. जोसेफच्या नावावर आत्मचरित्राची एक छोटी पुस्तिकाही तिथे विकायला असायची. समोरच लंडन हॉस्पिटल. तिथला एकतीस वर्षांचा सर्जन ट्रीव्ह्ज बघायला आला आणि त्याला हॉस्पिटलात तपासणीला घेऊन गेला. डोक्याचा घेर ३६ इंच, उजव्या मनगटाचा १२ इंच. २ डिसेंबर १८८४ ला पॅथॉलॉजिकल सोसायटीच्या सभेत, डॉक्टरांच्या पुढे, जोसेफला उभं केलं. बोलणं समजत नव्हतं म्हणून ट्रीव्ह्जनं तेव्हा त्याला मतिमंद समजून टाकलं. नॉर्मननं पुढे लिहून ठेवलंय की जोसेफ पुन्हा हॉस्पिटलात जायला तयार होईना, कारण तिथे नागवं उभं राहताना आपण बाजारातलं जनावर असल्यासारखं त्याला वाटायचं. नॉर्मनही धंदेवाईक, त्याचंही सगळं खरं मानू नये. पण दुकानात तिकीट काढून बघणाऱ्यांपुढे तो स्वतःची कमाई करत होता आणि हॉस्पिटलात फुकट बघणारे शिकलेले होते, एवढा फरक तर होताच.

लवकरच पोलिसांनी ते दुकान बंद पाडलं. असल्या खेळांविरुद्ध इंग्लंडात वारं फिरलं होतं. मग जोसेफ युरोपात गेला, तिथेही धंदा बसेना, आणि ब्रसेल्समध्ये त्याच्या तिथल्या मॅनेजरनं त्याची साठवलेली सगळी पुंजी, सुमारे ५० पौंड, घेऊन पोबारा केला. परक्या देशात, भाषा येत नाही, खिशात काही नाही, आणि चेहरा असा की बोटीवर कुणी घ्यायला राजी नाही. आपण परदेशात राहणारी माणसं. पासपोर्ट-पाकीट हरवल्याच्या नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा येतो. हा गडी तशा अवस्थेत हार्विचपर्यंत आणि तिथून रेल्वेनं लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर पोचला. तारीख २४ जून १८८६. बुरखा आणि टोपी घातलेल्या त्या आकृतीभोवती गर्दी जमली. पोलिसांनी त्याला वेटिंग रूममध्ये नेऊन बसवलं. बोललेलं कुणाला कळेना. खिशात ट्रीव्ह्जचं कार्ड होतं, ते पुढे केलं.

सिनेमात याच स्टेशनवर जमाव त्याचा पाठलाग करतो आणि तो ओरडून आपण माणूस असल्याचं सांगतो. जगभर तेवढा प्रसंग लोकांच्या लक्षात आहे. ट्रीव्ह्जच्या लिहिण्यात मात्र तो दमून कोपऱ्यात कोसळलेला आहे. मला विचाराल तर कार्ड दोन वर्षं जपून ठेवणं आणि नेमक्या वेळी काढून देणं, यात त्या आरोळीपेक्षा जास्त शहाणपण आहे. पण कार्ड पुढे करणाऱ्या माणसासाठी थिएटरात कुणी रडत नाही.

दादाची गोष्ट इथेच सांगते. ऑक्टोबर १९८८ मध्ये दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं. गुफी पेंटल यांचा शकुनी लंगडत चालायचा, एक डोळा बारीक करून बोलायचा. काम झकास, प्रश्नच नाही. मूळ महाभारतात शकुनी लंगडा असल्याचं मला तरी कुठे सापडलेलं नाही, पण त्या मालिकेनंतर सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे तो लंगडाच राहिला. दादा तेव्हा बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. दोन महिन्यांत आळीतली पोरं त्याला शकुनीमामा म्हणायला लागली. पुढच्या गणपतीत मंडळाच्या नाटकात त्याला शकुनीचं काम दिलं. दादानं केलं, बक्षीसही मिळवलं. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी रामायणातला प्रवेश होता, त्यात मंथरेचं काम देऊ केलं. त्या दिवसापासून दादानं मंडळाची पायरी चढली नाही. आम्ही त्याला तिरसट म्हणत राहिलो. बाईचं काम दिलं म्हणून चिडला, असंच घरात सगळे समजत होते. अपंगांच्या कोट्यातून त्याला १९९२ साली एसटीडी बूथ मिळाला, आता तिथेच स्टेशनरी आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आता सरकार दिव्यांग म्हणतं. दादाचं म्हणणं, शब्द बदलला, दुकानाची पायरी तेवढीच उंच आहे.

हे सगळं मला गेल्या हिवाळ्यात समजलं, म्हणजे पस्तीस वर्षांनी, जोसेफच्या खुब्यामुळे.

परत जोसेफकडे. लंडन हॉस्पिटलात बरे न होणारे रुग्ण कायमचे ठेवायचे नाहीत असा नियम होता, आणि असे रुग्ण ठेवणाऱ्या संस्थांनी नकार दिला. तेव्हा हॉस्पिटलच्या समितीचे अध्यक्ष कार गॉम यांनी ४ डिसेंबर १८८६ च्या द टाइम्समध्ये पत्र छापून लोकांना विचारलं, काय करू या या माणसाचं? लोकांनी इतके पैसे पाठवले की जोसेफचा जन्मभराचा खर्च भागेल. अंगणाला लागून, तळघरातल्या दोन खोल्या त्याला मिळाल्या. खोलीत आरसा ठेवायचा नाही, असा ट्रीव्ह्जचा हुकूम होता. ट्रीव्ह्ज जवळजवळ रोज यायचा. हळूहळू त्याला जोसेफचं बोलणं कळायला लागलं आणि मतिमंद समजलेला हा तरुण भराभर वाचणारा, बोलायला उत्सुक असलेला निघाला. हे ट्रीव्ह्जचं मोठेपण मी नाकारत नाही. चूक कळल्यावर ती मान्य करणारे डॉक्टर आजही फार नाहीत.

ट्रीव्ह्जनं एकदा ओळखीच्या एका तरुण विधवेला, लीला मॅच्युरिन बाईंना, विनंती केली की खोलीत येऊन हसून याच्याशी हस्तांदोलन कराल का. त्यांनी केलं. जोसेफ ढसाढसा रडला. आई गेल्यापासून कुणी बाई त्याच्याकडे बघून हसली नव्हती. या बाईंना त्यानं पाठवलेलं, पुस्तक आणि शिकारीचे पक्षी पाठवल्याबद्दल आभार मानणारं एक पत्र अजून शिल्लक आहे. मग थोरामोठ्यांची रीघ लागली. १८८७ च्या मे महिन्यात प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा येऊन गेल्या. मॅज केंडल या नामवंत नटीनं त्याच्यासाठी पैसे उभे केले आणि टोपल्या विणायला शिकवणारा माणूस पाठवला. नाताळात ड्रुरी लेन थिएटरच्या बॉक्समध्ये, नर्सेसच्या आड लपवून, त्याला नाटक दाखवलं. ते त्याला खरंच वाटलं. पडदा पडल्यावर त्या पात्रांचं पुढे काय झालं असेल, यावर तो कित्येक आठवडे बोलत राहिला. उन्हाळ्यात नॉर्दम्प्टनशायरच्या फॉस्ली इस्टेटवर सुट्टीला जायचा, रानफुलं गोळा करायचा. आणि एका धड हातानं पुठ्ठ्याचे तुकडे जोडून त्यानं जर्मनीतल्या माइन्सच्या कॅथेड्रलची प्रतिकृती केली. ती केंडलबाईंना भेट दिली. अजून ती जपून ठेवलेली आहे.

डोकं इतकं जड की आडवं झोपलं तर जीव जायची भीती. गुडघे पोटाशी घेऊन, त्यांवर डोकं टेकवून तो बसून झोपायचा. ११ एप्रिल १८९० च्या दुपारी तो पलंगावर आडवा, मृत सापडला. वय २७. सगळ्यांसारखं उशीवर डोकं टेकून झोपायचा प्रयत्न केला असावा, असा ट्रीव्ह्जचा अंदाज. त्याचा सांगाडा वैद्यकीय अभ्यासासाठी ठेवला, तो आजही लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाकडे आहे. त्याला आता तरी मातीत विसावू द्या, असं म्हणणारे लोक इथे आहेत. आजार कोणता यावरही वाद झाले. आधी न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणायचे, १९८६ पासून प्रोटियस सिंड्रोमकडे कल आहे.

आता त्या ओशाळेपणाचं. जोसेफची गोष्ट जगाला कळली ती ट्रीव्ह्जच्या १९२३ सालच्या पुस्तकामुळे. तेव्हा जोसेफला जाऊन तेहतीस वर्षं झाली होती. त्यात ट्रीव्ह्जनं त्याचं नावच जॉन केलं. हस्तलिखितात आधी जोसेफ लिहून ते खोडलेलं आहे म्हणतात. का खोडलं, कुणालाच उलगडलेलं नाही. जोसेफ आईचं चित्र जवळ बाळगून होता. तीच आई ट्रीव्ह्जनं मूल टाकून देणारी, निर्दय करून टाकली. खेळवाला राक्षस झाला. नॉर्मननं चिडून छापील उत्तरही दिलं, पण खेळवाल्याचं कोण ऐकणार? सिनेमानं जॉनच ठेवला, वर हॉस्पिटलातून पळवून नेण्याचा आणि माकडांच्या पिंजऱ्यात कोंडण्याचा प्रसंग रचला. मेकअप जोसेफच्या देहाच्या साच्यांवरून केला होता, रोज सात-आठ तास लागायचे. तो पाहून, म्हणे, मेकअपसाठी वेगळं ऑस्कर असायला हवं अशी मागणी झाली आणि पुढच्या वर्षी ते सुरूही झालं. बर्नार्ड पॉमरन्सचं नाटक मात्र वेगळं आहे. त्यात जोसेफचं काम करणारा नट काहीही न लावता, फक्त अंग वाकडं करून उभा राहतो. ब्रॉडवेवर डेव्हिड बोवीनं ते केलं होतं. चेहरा तुमचा तुम्ही मनात आणायचा. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, पण दादाला नाही पटलं. त्याचं म्हणणं, देखणा माणूस वाकडा उभा राहतो, टाळ्या घेतो आणि पडदा पडला की सरळ होतो. खऱ्या वाकड्या माणसाला ते काम का देत नाहीत? मी म्हटलं, दादा, तुला दिलं होतं की. फोनवर जरा शांतता झाली. मग तो म्हणाला की लंगड्याला लंगड्याचंच काम देतात हाच तर घोळ आहे, त्याला अर्जुन करायचा होता.

मला हे कधी सुचलंच नव्हतं.

तो सिनेमा त्यानं नंतर मोबाइलवर पाहिला, दुकानात बसून, तीन दिवस तुकड्या-तुकड्यांत. रडला नाही. त्याचा एकच प्रश्न होता, वाटणी खरंच निम्मी होती का? मी सांगितलं, तसं नॉर्मन म्हणतो, आणि ५० पौंड साठले होते हे तर खरंच. त्यानं मागच्या काळातले ५० पौंड म्हणजे आताचे किती, याचा हिशेब मागितला. मी काहीतरी अंदाज सांगितला, तर तो खूश झाला. धंद्याचा माणूस होता म्हणाला.

मग त्यानं ती दुकानात विकली जाणारी पुस्तिका मागितली. लिहिताना त्याला खेळवाल्यांचा हात लागला असणार, हत्तीची गोष्ट त्यात आहेच. तरी पण डॉक्टरच्या आधीची आणि सिनेमाच्या आधीची तेवढी एकच गोष्ट आहे, जिच्यात जोसेफ मी म्हणून बोलतो. दादाला ती इंग्रजीतून नको, मराठीतून हवी आहे. मुलाला झोपवण्याचं वय गेलं, त्यामुळे रात्री जेवणानंतर तासभर मिळतो. रोज थोडं थोडं करते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. कालपर्यंत सिगारच्या कारखान्यापर्यंत आले आहे.